सम्राटांचं हजेरीपत्रक

पेटीचं नाव आहे ‘एम्परर्स ऑफ सोल’. सोल नावाच्या गाण्याचे सम्राट. पाच तबकड्या, शंभरावर गाणी, सोबत पुस्तिका. गायकांचा गट ‘द टेम्प्टेशन्स’, शहर डेट्रॉइट, कंपनी मोटाउन, पेटी निघाली १९९४ साली. १९६१ पासूनची तेहेतीस वर्षांची कमाई एका खोक्यात रचून ठेवलीय. सोल म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो : काळ्यांच्या चर्चमध्ये देवाला घातलेली आर्त हाक उचलायची, ती माणसाला घालायची, आणि तिच्याखाली नाचाचा ठेका लावायचा. बाकीचं ऐकून कळतं.

सम्राट हा शब्द मला खटकला. सम्राट म्हटलं की मुलूख आला, खजिना आला, शिक्का आला. या पोरांकडं त्यातलं काय होतं? शिक्का कंपनीचा, खजिना कंपनीचा. १९८८ साली मोटाउन विकली गेली ती ६ कोटी १० लाख डॉलरला. १९९३ साली पुन्हा विकली गेली ती ३० कोटींच्या वर. या दुसऱ्या विक्रीनंतर वर्षभरात ही पेटी बाजारात आली. म्हणजे नव्या मालकानं गोदाम उघडलं, माल मोजला, आणि माल घडवणाऱ्यांना सम्राट ही पदवी देऊन टाकली. पदवी द्यायला पैसे पडत नाहीत. ज्या पाच जणांना जग टेम्प्टेशन्स म्हणून ओळखतं त्यांतले तिघं तोवर मातीत गेले होते.

तेव्हा पदवी बाजूला ठेवू आणि आधी हजेरी घेऊ. ओटिस विल्यम्स, टेक्सासचा. मेल्विन फ्रँकलिन, अलाबामातल्या मॉन्टगोमेरीचा. पॉल विल्यम्स आणि एडी केन्ड्रिक्स, दोघंही अलाबामातल्याच बर्मिंगहॅमला वाढलेले. डेव्हिड रफिन, मिसिसिपीतल्या व्हायनॉट नावाच्या खेड्यातला. व्हायनॉट म्हणजे ‘का नाही?’ गावाचं नाव ‘का नाही’ आणि काळ्याला त्या मुलखात सगळंच नाही. पाचही जण दक्षिणेतले, पाचही जण उत्तरेला आलेले.

दक्षिणेतला काळा माणूस गाव सोडून का गेला हे आपल्याला कुणी फोड करून सांगायला नको. शेत मालकाचं, हिशेबाची वही मालकाची, आणि वर मान केली तर झाडाला लटकवणारा जमाव. डेट्रॉइटला मोटारींचे कारखाने होते. फोर्डनं काळ्यांना कामावर घेतलं, पण बऱ्याच जणांना घातलं फाउंड्रीत, जिथं धग आणि धूर. आपली माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली तेव्हा त्यांना विणकामाच्या खात्यात घेत नव्हते. धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, मग महाराचा उष्टा धागा बाकीच्यांनी तोंडात कसा घ्यायचा! गिरणी संपाच्या त्या दिवसांत, १९२८-२९ च्या सुमाराला, बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढं आणला. यंत्र विलायतेचं, विटाळ मात्र गावचाच.

मोटाउन काढणारा बेरी गॉर्डी हाही काळाच. गाड्यांच्या कारखान्यात साखळीवर उभा राहून काम केलेला. एका टोकाला नुसता सांगाडा आत येतो आणि दुसऱ्या टोकाला चकचकीत गाडी बाहेर पडते हे त्यानं रोज पाहिलं, आणि म्हणाला, गाण्याचं असंच का करू नये? १९५९ साली घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन त्यानं सुरुवात केली. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचं एक घर घेतलं, त्यावर ‘हिट्सव्हिल’ अशी पाटी लावली. गाणी लिहिणारे वेगळे, वाजवणारे वेगळे, गाणारे वेगळे. दर शुक्रवारी बैठक, तिथं गाणी वाजवून मतं घ्यायची, नापास झालेलं गाणं बाहेर नाही. मॅक्सीन पॉवेल नावाची बाई पोरांना कसं बसावं, कसं उठावं, कसं चालावं हे शिकवायची, म्हणायची तुम्हाला राजवाड्यात आणि व्हाइट हाउसात उभं राहायचंय. चोली अ‍ॅटकिन्स नाच बसवून द्यायचा. साखळीच्या शेवटी पाच उंच काळी पोरं, एकसारखे कोट, एकसारखे बूट, एकाच क्षणी गिरकी घेणारी.

इथं आपल्या मित्रांचं तोंड वाकडं होतं. मला ठाऊक आहे, कारण मी हा विषय काढला तेव्हा ते झालं. एक जण म्हणाला, काळ्यांकडून आपण पँथर घेतला, लँगस्टन ह्यूज घेतला, हे सुटाबुटातलं गुलुगुलु गाणं कशाला घ्यायचं? दुसरा म्हणाला, हा तर पांढरपेशा होण्याचा क्लास.

प्रश्न खोटा नाही. पॉवेलबाईच्या वर्गाबद्दल वाचताना मलाही आपल्याकडच्या शाळेतलं ‘शुद्ध बोल’ आठवतं. तोंडातलं ‘व्हतं’ काढून ‘होतं’ बसवणारं. आणि कंपनीला गोऱ्या गिऱ्हाइकाची भीती होतीच. आपली ओळख ती ‘तरुण अमेरिकेचा आवाज’ अशी करून द्यायची, काळ्या अमेरिकेचा नव्हे. १९६६ साली आइस्ली ब्रदर्स या आपल्याच काळ्या गटाची तबकडी मोटाउननं काढली आणि वेष्टनावर चित्र छापलं समुद्रकाठच्या गोऱ्या जोडप्याचं. आवाज चालतो, तोंड चालत नाही. म्हणजे भाकरी चालते, भाकरी थापणारा हात चालत नाही.

इतकं सगळं कबूल करून मी म्हणतो, की या पेटीतली सगळ्यात विद्रोही गाणी तिच्यातली प्रेमाची गाणी आहेत.

‘माय गर्ल’ घ्या. डिसेंबर १९६४ मध्ये आलं, मार्च १९६५ मध्ये अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं. स्मोकी रॉबिन्सन आणि रोनाल्ड व्हाइट यांनी रचलेलं. आधी जेम्स जेमर्सनचा बास, छातीच्या ठोक्यासारखा. त्यावर रॉबर्ट व्हाइटची गिटार, पायरी पायरीनं वर चढत जाणारी, कुणी हळूच जिना चढून यावं तशी. मग रफिन. गाण्यात घडतं काय? काही नाही. एक माणूस सांगतो की मी सुखात आहे आणि माझ्या सुखाचं कारण एक मुलगी आहे. धनाची, नावाची गरज नाही म्हणतो. बस. मागून व्हायोलिनं येतात, चौघं जण त्याच्या शब्दाला हुंकार देतात, जसं चर्चमध्ये पाद्र्याच्या वाक्याला सभा हुंकार देते.

आता हे कोण म्हणतोय ते पाहा. रफिनचा जन्म १९४१ चा, मिसिसिपीतला. त्याच सालचा जन्म एमेट टिल या पोराचा. तो शिकागोचा, १९५५ च्या सुट्टीत मिसिसिपीत नातलगांकडं आलेला, वय १४. दुकानातल्या गोऱ्या बाईला पाहून शीळ घातली असा आळ आला. त्याला रात्री घरातून उचलला, हाल करून मारला, नदीत फेकला. दोघा गोऱ्यांवर खटला झाला, ते सुटले, आणि सुटल्यावर पैसे घेऊन एका मासिकाला आपणच मारलं हे सांगून मोकळे झाले. ज्या मुलखात काळ्या पोराची नजर कुठं वळली याचा हिशेब जमाव ठेवतो, त्या मुलखात जन्मलेला, त्याच वयाचा पोरगा दहा वर्षांनी छाती भरून सांगतो की माझं प्रेम आहे, आणि गोऱ्यांची पोरं रेडिओ लावून ते ऐकतात. हे गुलुगुलु नाही. नगर जिल्ह्यातल्या खर्ड्याला २०१४ साली शाळेत जाणारा आपला पोरगा मारला गेला, वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो म्हणून, असा आरोप होता. २०१७ साली आरोपी निर्दोष सुटले. प्रेम करणं म्हणजे काय धंदा आहे हे ज्याला कळायचं त्याला कळेल.

आपल्या पानांवर प्रेमाची कविता आली की संपादकाला ओशाळल्यासारखं होतं. शिवी हवी, उकिरडा हवा, पेटलेली मशाल हवी. हवंच. पण माणूस फक्त भाजल्यावरच बोलतो असं आपणच ठरवून टाकलं, तर दुसरा माणूसपण आणखी वेगळं काय हिरावून घेणार? वामनदादा कर्डकांची गाणी गावोगाव तोंडपाठ होती, आणि समीक्षा करणारे त्यांना कवी म्हणायला चाचरत होते, कारण ते गाणं होतं, ढोलकीवर होतं, लोकांना आवडत होतं. आवडणं हा जणू गुन्हा.

ओटिस विल्यम्सनं एक आठवण सांगितलीय. दक्षिण कॅरोलायनात कार्यक्रम होता. सभागृहाच्या मधोमध दोरी बांधलेली, एका बाजूला काळे, दुसऱ्या बाजूला गोरे. पुढच्या वर्षी हे पुन्हा तिथं गेले तर दोरी नव्हती. दोरी गाण्यानं काढली असं मी म्हणणार नाही. ती काढायला माणसांनी मार खाल्ला, तुरुंग पाहिला, १९६४ चा कायदा करून घेतला. पण दोरी असतानाही दोन्ही बाजूंचे लोक एकाच ठेक्यावर पाय आपटत होते, आणि तो ठेका दोरीखालून जात होता.

रफिनच्या आवाजाबद्दल आणखी थोडं, कारण पेटीचा जीव तिथं आहे. त्याचा बाप बाप्टिस्ट पाद्री. आवाज खरबरीत, घोगऱ्याकडं झुकणारा, आणि वर जाताना फाटतो. १९६६ साली नॉर्मन व्हिटफिल्ड या तरुण निर्मात्यानं ‘एन्ट टू प्राउड टू बेग’ ध्वनिमुद्रित करताना मुद्दाम गाण्याची पट्टी रफिनच्या गळ्याच्या वर नेली. रफिन घामाघूम झाला, आणि जे निघालं ते गाणं आणि ओरडणं यांच्या मधलं काहीतरी आहे. गाण्याचा अर्थ : तू जाऊ नको म्हणून भीक मागायची मला लाज नाही. हे शब्द एखाद्या गोऱ्या गायकाच्या तोंडी निव्वळ लाडीगोडी. पण ज्याच्या बापजाद्यांना भीक मागायलाच लावलं, त्यानं उभं राहून म्हणायचं की आज मी मागतोय ते माझ्या मर्जीनं, माझ्या बाईपुढं, तुमच्यापुढं नाही! आपल्याकडं येसकर पाळीची भाकर मागून आणलेल्या घरात हे गाणं वेगळं ऐकू येईल.

आणि इथंच मला व्हिटफिल्डबद्दल दोन मनं होतात. उत्तम गाणं निघालं खरं. पण माणसाचा गळा त्याच्या ताकदीबाहेर ताणायचा आणि फाटला की त्याला कला म्हणायचं, ही कारखान्याची रीत. यंत्राचा वेग वाढवून पाहायचा, कामगार कुठवर टिकतो ते बघायचं.

जुलै १९६७ मध्ये डेट्रॉइट पेटलं. पोलिसांनी एका चोरट्या दारूच्या अड्ड्यावर धाड घातली, तिथून सुरुवात. पाच दिवस, ४३ मेले, त्यांतले ३३ काळे. अल्जिअर्स मोटेल नावाच्या ठिकाणी पोलिसांच्या झडतीत तीन काळी पोरं गोळ्या घालून मारली गेली. तिथं अडकलेल्यांत डेट्रॉइटच्याच ‘ड्रॅमॅटिक्स’ या गाणाऱ्या गटाचे गडी होते, त्याच दिवसांत फॉक्स थिएटरात गायलेले. म्हणजे कोट-बूट-गिरकी सगळं शिकलेली पोरं भिंतीकडं तोंड करून उभी. पॉवेलबाईचा वर्ग तिथं कामाला आला नाही. शिक्षा एकाही पोलिसाला झाली नाही.

पाच महिन्यांनी, डिसेंबर १९६७ मध्ये, टेम्प्टेशन्सचं ‘आय विश इट वुड रेन’ आलं. पाऊस पडावा म्हणजे माझं रडणं कुणाला दिसणार नाही, पुरुषानं रडू नये म्हणतात म्हणून. दंगलीचा एक शब्द नाही. मी काही त्यात दंगल कोंबणार नाही. ते सोडून गेलेल्या बाईचं गाणं आहे. ज्यानं शब्द लिहिले त्या रॉजर पेन्झाबेनची बायको त्याला सोडून गेली होती आणि ३१ डिसेंबर १९६७ ला त्यानं स्वतःला संपवलं. पण त्या हिवाळ्यात डेट्रॉइटच्या काळ्या वस्तीत, जळक्या घरांच्या मधोमध, हे गाणं रेडिओवर लागत असेल तेव्हा ऐकणारा फक्त त्या बाईसाठीच रडत असेल काय? गाणं लिहिणाऱ्याचं असतं तितकंच ऐकणाऱ्याच्या वस्तीचं असतं.

पुढच्याच जूनमध्ये, १९६८ साली, रफिनला काढलं. बाकीच्या चौघांनीच मत देऊन काढलं. तो उशिरा यायचा, क्लीव्हलंडचा कार्यक्रम त्यानं चुकवला, नशा करायचा, स्वतःच्या मोटारीला आतून मिंकचं अस्तर लावून हिंडायचा, आणि गटाच्या नावाआधी आपलं नाव लावा म्हणायचा. हे सगळं खरं. पण तो कंपनीकडं पैशाचा हिशेबही मागत होता, तेही खरं. मोटाउनमध्ये ध्वनिमुद्रण करणारी कंपनी तीच, गायकाचा कारभार बघणारी तीच, गाण्याचे हक्क सांभाळणारी तीच. सावकार, दलाल आणि तलाठी एकाच घरात. मिंकच्या अस्तराची गोष्ट सगळे रंगवून सांगतात. हिशेबाची गोष्ट दोन ओळींत उरकतात.

रफिनच्या जागी डेनिस एडवर्ड्स आला. आता पेटीतला ‘राजकीय’ भाग सुरू होतो, आणि आपले मित्र इथं खूश होतील. व्हिटफिल्ड आणि बॅरेट स्ट्राँग या जोडीनं गाणी लिहिली : ‘क्लाउड नाइन’, ‘रनअवे चाइल्ड’, ‘बॉल ऑफ कन्फ्यूजन’. झोपडपट्टीत जन्मलेला पोरगा, घरातून पळालेलं लेकरू, करवाढ, युद्ध, वर्णद्वेष. एक गायक पुढं आणि चौघं मागं ही जुनी रचना मोडली. आता पाचही आवाज पुढं. एक जण वाक्य टाकतो, दुसरा तोडतो, तिसरा ओरडतो, केन्ड्रिक्सचा पातळ आवाज वरून कापत जातो आणि मेल्विनचा खर्ज विहिरीतून आल्यासारखा शेवटचा शब्द टाकतो. गावकीच्या बैठकीत सगळे एकदम बोलतात तसं. ‘क्लाउड नाइन’ला १९६९ साली ग्रॅमी मिळालं, मोटाउनचं पहिलं. संगीत म्हणून हा भाग मला जबरदस्त वाटतो. ‘बॉल ऑफ कन्फ्यूजन’ ऐकताना पायाखालची जमीन हलते.

पण विद्रोह म्हणून? जरा थांबा. १९७० साली यांनी ‘वॉर’ गायलं, व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध. ते ‘सायकेडेलिक शॅक’ या तबकडीत होतं. विद्यार्थी मागणी करत होते की हे स्वतंत्र काढा. कंपनीनं टेम्प्टेशन्सचं काढलं नाही, गिऱ्हाईक दुखावेल म्हणून. एडविन स्टार या दुसऱ्या गायकाकडून ते पुन्हा गाऊन घेतलं आणि ते पहिल्या नंबरावर गेलं. म्हणजे धोका घ्यायचा तर कमी किमतीच्या माणसाच्या जिवावर. १९६९ चं ‘मेसेज फ्रॉम अ ब्लॅक मॅन’, नावातच काळा माणूस, तेही स्वतंत्र तबकडी म्हणून निघालं नाही.

याच कंपनीनं १९७० साली ‘ब्लॅक फोरम’ नावाची वेगळी शाखा काढली. तिच्यावर मार्टिन ल्यूथर किंगचं व्हिएतनामविरोधी भाषण काढलं, स्टोकली कार्मायकलचं ‘फ्री ह्यूई’ काढलं. ह्यूई म्हणजे ह्यूई न्यूटन, ब्लॅक पँथरचा संस्थापक. ज्या पँथरवरून १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी नाव घेतलं तोच. लँगस्टन ह्यूजचं कवितावाचनही त्याच शाखेवर. तेव्हा मित्रांनो, तुमचा पँथर, तुमचा ह्यूज आणि माझी ही गुलुगुलु गाणी एकाच घरातून बाहेर पडली. बेरी गॉर्डीच्या दुकानात सगळं होतं, फडताळं वेगळी होती.

१९४६ साली बाबासाहेबांनी ड्युबॉइस यांना पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडं केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. आपलं त्यांच्याशी नातं असं अर्जाचं, कागदाचं, घोषणेचं राहिलं. ते मोठंच आहे. पण ज्यांच्या अर्जाची प्रत मागवली ते संध्याकाळी काय गुणगुणत होते हे आपण विचारलं नाही.

‘पापा वॉज अ रोलिंग स्टोन’, १९७२. पेटीतलं सर्वांत गाजलेलं लांब गाणं. ‘ऑल डायरेक्शन्स’ या मूळ तबकडीवर ते जवळजवळ बारा मिनिटांचं आहे आणि माणसाचा आवाज यायला त्यातली सुमारे चार मिनिटं जातात. तोवर नुसता बास, तेच चार-दोन सूर पुन्हा पुन्हा, पितळी झांजेची टिकटिक, कण्हणारी गिटार, दूरवर ट्रम्पेट. मग पोरं आईला विचारतात, बाप कसा होता? लोक म्हणतात तो फिरस्ता होता, बाईलवेडा होता, काही ठेवून गेला नाही. गायकांना हे गाणं आवडत नव्हतं. आपल्यापेक्षा वाद्यांनाच जागा जास्त, म्हणून ते व्हिटफिल्डवर चिडले होते. १९७३ साली त्याला तीन ग्रॅमी मिळाली : गायकांना एक, वाद्यांच्या बाजूला एक, लिहिणाऱ्यांना एक.

या गाण्याशी माझं भांडण आहे. १९६५ साली मॉयनिहन नावाच्या सरकारी अधिकाऱ्यानं अहवाल लिहून सांगितलं होतं की काळ्यांच्या दुर्दशेच्या मुळाशी त्यांचं मोडकं कुटुंब आहे, बाप घरात नाही. म्हणजे घर कुणी मोडलं हे विचारायचं नाही, मोडलंय एवढंच मोजायचं. आपल्याही बापांबद्दल असे अहवाल तोंडी चालतात : दारू पितो, टिकत नाही, पोरं टाकून जातो. गाण्यातली आई तेच उत्तर देते. बाप का फिरत राहिला? काम कुठं होतं, कुणी काढलं, कुठल्या गावात त्याला पाय ठेवू दिला नाही? शब्द यावर गप्प आहेत. पण ती सुरुवातीची चार मिनिटं गप्प नाहीत. त्या रिकाम्या रस्त्यासारख्या वाजणाऱ्या बासमध्ये बाप चाललेला ऐकू येतो. लिहिणाऱ्यानं जे विचारलं नाही ते वाजवणाऱ्यांनी विचारलं.

आणि हे वाजवणारे कोण? ‘फंक ब्रदर्स’ नावानं नंतर ओळखले गेले ते. बहुतेक काळे, काही गोरेही. ‘क्लाउड नाइन’वर गिटार वाजवणारा डेनिस कॉफी गोरा होता. मोटाउनच्या शेकडो गाण्यांवर यांचे हात आहेत आणि वेष्टनावर नाव नाही. १९७१ साली मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर ती नावं पहिल्यांदा छापली गेली. जेमर्सन १९८३ साली गेला. रॉबर्ट व्हाइट, ‘माय गर्ल’चा तो जिना बांधणारा, १९९४ साली गेला, ही पेटी निघाली त्याच साली. १९७२ मध्ये कंपनी डेट्रॉइट सोडून लॉस एंजेलिसला गेली होती. कारखाना हलला की जुने कामगार फाटकाबाहेर. गिरणगावात राहिलेल्यांना हे चित्र नवं नाही.

शेवटच्या तबकडीबद्दल फार लिहीत नाही. नाव तेच, माणसं बदलत गेलेली. १९७७-७८ मध्ये दुसऱ्या कंपनीत जाऊन आले, १९८० मध्ये परतले, १९८२ मध्ये रफिन आणि केन्ड्रिक्स थोडे दिवस परत आले आणि गेले. अली-ओली वुडसनच्या आवाजातलं १९८४ चं ‘ट्रीट हर लाइक अ लेडी’ चांगलं आहे. बाकी बरंचसं भरताड. यंत्राचे ढोल, गुळगुळीत तारा. संच पुरा करायचा म्हणून घातलेलं. रफिन १९९१ साली फिलाडेल्फियात नशेच्या अतिरेकानं मेला, वय ५०. केन्ड्रिक्स १९९२ साली बर्मिंगहॅमला, ज्या गावातून निघाला तिथंच, फुप्फुसाच्या कर्करोगानं. मेल्विन १९९५ साली. मग पाचांतला एकटा ओटिस उरला.

पॉल विल्यम्सचं राहिलं. नाचाच्या पहिल्या चाली यानंच बसवल्या, टेम्प्टेशन्सचं ते प्रसिद्ध चालणं याचं. गळाही भारी, जाड, मातीचा. त्याला रक्ताचा आजार होता, सिकल सेल, जो आपल्याकडं विदर्भात आपल्या माणसांत आणि आदिवासींत घरोघर माहीत आहे. त्यात दारू. शेवटी शेवटी असं झालं, की तो रंगमंचावर उभा राहून नाचायचा आणि त्याच्या वाट्याचं गाणं रिचर्ड स्ट्रीट नावाचा गडी पडद्यामागून गायचा. लोक टाळ्या वाजवायचे. १९७१ साली त्यानं गट सोडला, स्ट्रीट पडद्यापुढं आला. ऑगस्ट १९७३ मध्ये पॉल डेट्रॉइटमध्ये गोळी लागलेल्या अवस्थेत मेलेला सापडला. आत्महत्या म्हणून नोंद झाली. वय ३४.

पेटी कुणाकडून मिळाली तर १९७१ चं ‘जस्ट माय इमॅजिनेशन’ शोधून लावा. केन्ड्रिक्सचं हे गटातलं शेवटचं मोठं गाणं. खिडकीतून जाणाऱ्या मुलीवर मनातल्या मनात संसार रचणारा माणूस. प्रेमाचंच. ते गाणं जवळजवळ सगळं केन्ड्रिक्सचं आहे, कापसासारखं. मध्ये एक वळण येतं, माणूस रात्री गुडघे टेकून प्रार्थना करतो तिथलं. त्या वळणाची पहिली ओळ केन्ड्रिक्स गात नाही. एकदम आवाज बदलतो, जाड होतो, मातीचा होतो. तो पॉल आहे. स्वतःच्या गळ्यानं, पडद्याच्या अलीकडून. एकच ओळ आहे, नीट ऐका.